एक ठिपका दहा

तोर्सहाव्हनच्या बंदरावर, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत
रान्वा बसते. खिडकीच्या काचेवर मीठ चढलेलं.
तिच्या ताब्यात एक छोटी भाषा आहे. नाव तारी.
तिकडच्या बोलीत तारी म्हणजे समुद्रातलं शेवाळ,
कितीही ओढा, खडक न सोडणारं.
जगातले तारी जाणणारे सगळे मिळून
एका होडीत मावतील,
आणि होडी फारशी बुडणारही नाही.

भाषा रचली हानुसनं, तिच्या मास्तरांनी.
आता त्यांना स्वतःच्या मुलाचं नाव सापडत नाही,
पण अर्धविराम कुठे द्यायचा ते विचारा,
टेबलावर बरोबर तिथं बोट टेकवतात.

होग्नी नवा आहे. त्याला झोप लागत नाही.
"दोन पूर्णांक नऊ. जवळचा आकडा कुठला? तीन.
आपली भाषा सांगते दोन!
नुसतं शेपूट कापते, आणि त्याला म्हणते 'जवळचा'.
शाळेतली पोरं हसतील.
काढू या आता दोन ठिपका शून्य,
एकदाच काय ती झाडलोट."

रान्वा काही बोलत नाही. फोन उचलते.

क्लाक्सव्हिकच्या कारखान्यात एक वजनकाटा आहे,
त्याच्या पोटात तारी आहे,
एक ठिपका दोनच्या काळातली.
ती बसवणारा योगवान एका मार्चमध्ये समुद्रावर गेला.
होडी सापडली.
त्यानं लिहून ठेवलेल्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे:
दर पेटीत अर्धा मिळवा. का ते विचारू नका.

"काटा बरोबर दाखवतो ना?"
"एकवीस वर्षं दाखवतोय," पलीकडून बाई म्हणते,
मागे फरशीवर पाण्याचा पाइप सोडलेला,
"का? बिघडवताय की काय?"

रान्वा फोन ठेवते, कागदावर पेटी काढते,
होग्नीपुढे सरकवते.
अर्धा मिळवून मग शेपूट कापलं की आकडा बरोबर येतो.
मास्तर चुकले, योगवाननं चूक ओळखली,
कुणाला न सांगता तिला टेकू दिला.
आता चूक काढून घेतली
तर टेकूच उलटा ढकलेल,
दर दुसरी पेटी किलोभर जड,
आणि कोपनहेगनचा व्यापारी
पहिल्या आठवड्यातच ओरडेल.

होग्नी पेटीकडे बघत राहतो.
"मग आपण कायम चुकीचंच बोलायचं?"
"नाही," रान्वा म्हणते. मग बराच वेळ काही नाही.
"असे अजून किती योगवान असतील, मला माहीत नाही.
फोन नंबर एकाचाच आहे."

शेवटी 'जवळचा' होता तसाच राहिला.
शेजारी नवा शब्द आला, 'खराजवळचा',
दोघांनाही तो आवडलेला नाही.
जुन्याच्या माथ्यावर पाटी: चालतो, पण नव्यानं वापरू नका.

रात्री मार्युन, वय आठ, आईच्या खांद्यावरून वाचते.
"एक ठिपका नऊनंतर एक ठिपका दहा?
आई, एक पूर्णांक दहा म्हणजे एक पूर्णांक एकच!
तू मागे गेलीस."
रान्वा सांगू लागते, हा ठिपका गणितातला नव्हे,
हा गल्ली आणि घराच्या मधला,
नवव्या घरापुढे दहावं घर असतं,
आणि गल्ली बदलायची तर सगळ्यांना सामान उचलावं लागतं.
मार्युन ऐकून घेते. पटलेलं नाही.
"बाईंनी मला यावर फुली मारली असती," म्हणते आणि झोपायला जाते.

सकाळी रान्वा येते तेव्हा होग्नी आधीच आलेला,
जाकीट ओलं, कॉफी गार.
मार्गदर्शिकेत 'जवळचा'च्या खाली त्यानं
रातोरात अडीच पानं लिहिलीयत,
पेटीच्या चित्रासकट, काट्याच्या गोष्टीसकट.
सुरुवात अशी:
का ते विचारायचं असेल तर.

रान्वा वाचते. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत.
एक दुरुस्त करते.