दोन काने

रात्री अडीचला, महापेच्या सातव्या मजल्यावर,
ओहायोचा एक माणूस हेडफोनात हसतो.
झाड शेजाऱ्याचं. फांदी याच्या कुंपणावर,
खोड मात्र शेजाऱ्याच्याच नव्या गाडीवर.
"कार्मा!" म्हणतो.

आपलाच शब्द. तिकडे गेला,
दोन काने लावून आला,
आणि जत्रेतल्या टिकलीसारखा
लगेच फुटायला शिकला.

मी फॉर्ममध्ये कारण निवडते: देवाची करणी.
यादीत दुसरं काही बसत नाही.

आई दूध उतू गेलं तरी म्हणते, कर्म माझं.
ओटा पुसला की संपलं.

चहाच्या मशीनपाशी सुगत बनसोडेला सांगितलं.
तो हसला नाही.
"आजोबांच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे.
म्हणायचे, मागच्या जन्मीचं."
मग फेस फुंकत,
"आमच्यात मागचं नाही विचारत.
करताना मनात काय होतं, तेवढंच."

मनात काय होतं?
एका म्हातारीचा फोन मी मध्येच तोडला.
तिचं छप्पर गळत होतं, वाक्य लांबत होतं,
माझी सरासरी बिघडत होती.
'लाइन गेली' असं लिहिलं.

अकरा दिवस झाले. माझ्यावर काही पडलं नाही.
उलट लिफ्टजवळ फोटो लागला,
महिन्याची उत्कृष्ट.

पहाटे कॅब घणसोलीच्या नाल्यावरून जाते.
तिचा नंबर आणलाय, नियम मोडून,
तळहातावर, बॉलपेननं.
घामानं शेवटचे दोन आकडे पुसट झालेत.

तिकडे आता संध्याकाळ.
बादली भरत आली असेल.