खिडकी क्रमांक तीन

तामालेच्या शाखेत हरमाटनची धूळ
काचेचं दार लावलं तरी आत येते,
नोटांच्या गड्ड्यांवर बसते,
माझ्या फायलींवर जरा जास्तच.
मी मनुष्यबळ अधिकारी. दक्षिणेतली, समुद्राकाठची.
इथल्या भाषेतला मला एकच शब्द येतो, 'नाआ',
कुणी कशीही विचारपूस केली तरी चालून जाणारा.

खिडकी क्रमांक तीनवर नापारी अझिंदो.
वय छप्पन्न. तासाला अकरा ग्राहक.
बाकीच्यांचे एकोणीस.
मी आलेख काढला, तर निळ्या खांबांत
त्याचा खांब बुटका,
वर्गाच्या फोटोत पुढे बसवलेल्या पोरासारखा.

त्या वर्षी आक्राहून प्रशिक्षण आलं होतं:
प्रोजेक्टर, दोन दिवस, कोंबडी-भात, प्रमाणपत्र.
ग्राहक हाच राजा, यावर बेचाळीस स्लाइड्स.
नापारी मागच्या खुर्चीत झोपला.
तेही मी टिपून ठेवलं.

टिपलं नाही ते हे:
शिआच्या बिया विकून आलेली बाई
कमरेच्या कापडाची गाठ सोडायची,
घामेजलेल्या नोटा पुढे सरकवायची,
आणि नापारी त्या उलगडता उलगडता बोलत राहायचा,
बाईशी थोडं, जास्त शेजारच्या वुम्पिनीशी.
"डोळ्यांनी नको. अंगठ्यानं विचार नोटेला."
"त्या म्हाताऱ्याला घाई करू नकोस.
सही त्याचीच आहे, हात घाबरलाय."
"चूक झाली? आत्ता सांग.
संध्याकाळपर्यंत चुकीला पिलं होतात."
तासाचे आठ ग्राहक त्यातच जायचे.

माझ्या फॉर्मवर सव्वीस रकाने.
दुसऱ्याला शिकवलं का, असा एकही नाही.
मला तो सुचलासुद्धा नाही.

जूनमध्ये त्याची बदली झाली, येंडीला, जुन्या कागदांच्या खोलीत.
जाताना त्यानं स्पंजची डबी वुम्पिनीला दिली.
माझा हात हातात धरून
घरचे कसे, झोप लागते का, आई बरी का, सगळं विचारलं.
मी म्हटलं, नाआ.

आलेख देखणा झाला. एक तिमाही.
वुम्पिनीचे आकडे चांगले, म्हणून तिला बढती,
वरच्या मजल्यावर, कर्जविभागात. तीही मीच दिली.
मग रोकड जुळेना.
दोनशे सेडी, मग नऊशे,
मग खोट्या नोटांची एक अख्खी गड्डी
आमचाच शिक्का मारून घेऊन तिजोरीपर्यंत पोचली.
झाकपासू साहेबांनी विचारलं, कारण?
मी प्रशिक्षणाचे तास दाखवले.
वाढले होते.

कारण दिसलं मंगळवारी, पावणेआठला.
शटर अर्धंच वर. खिडकी तीनच्या आत
वुम्पिनी, नव्या सुगलोचा अंगठा चिमटीत धरून
नोटेवरून फिरवत होती.
मला पाहून दचकली.
"आठला वर जाते, मॅडम."
हा वेळ हजेरीत धरत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

मी पर्समधून फॉर्म काढला. सव्विसाव्या रकान्याखाली
समासात एक रेघ ओढली.
वर काय लिहायचं, ते सुचेना.
मग पेन ठेवून मीही अंगठा पुढे केला,
आधी एका नोटेवर, मग दुसऱ्या.
दोन्ही मला सारख्याच लागल्या.

सुगलोनं स्टूल सरकवलं.
"पुन्हा," वुम्पिनी म्हणाली. "सावकाश. विचारा तिला."