शेपटाकडची काच

स्लीफर्डला फेब्रुवारीत चारलाच दिवा लावावा लागतो.
रस्त्यावर बीटचे ट्रक चिखल सांडत जातात
आणि नॉर्मन थॅक्रे दार वाजवतो:
हातात पुठ्ठ्याचं खोकं, तोंडात मी केलेले दात.

"मिसेस कँबेटी, हे तुमच्या हाताचं काम."
माझं नाव खांबेटे. अकरा वर्षांत
त्याला ते जमलं नाही, आणि मलाही
त्याच्या खालच्या कवळीचा उजवा कोपरा
अजून नीट बसवता आलेला नाही. फिटंफाट.

खोक्यात लँकेस्टर, एकास बहात्तर.
पंख लागलेले, काळा रंग सुकलेला,
उरला फक्त शेपटाकडचा बुरूज,
जिथं त्याचा बाप बसायचा पाठमोरा,
सगळं विमान पुढं जाताना एकटा मागं बघत.
किटमधली काच बाटलीच्या बुडासारखी जाड,
आतला माणूस बुडाल्यासारखा दिसतो.
म्हणून पेन्शनमधून वेगळी मागवली त्यानं,
रेझिनची, चेक देशातून, चिमुकल्या पिशवीत:
तुरटी फिरवलेल्या पाण्याचा थेंब
कुणी घट्ट करून पाठवावा तशी.

रेझिन मला नवं नाही.
मिरजेत शिकले, मग लिंकनच्या लॅबमध्ये
आयुष्य गेलं गुलाबी हिरड्या ओतण्यात.
बुडबुडा म्हणजे घाई, एवढं कळतं.
उजेडाशी धरून पाहिली. एकही नाही.
तिकडे कोण बाई असेल, की बाप्या,
मनातल्या मनात हात जोडले.

पण ठिसूळ. जातच तशी.
ओतीव ठोकळ्यापासून करवतीनं सोडवताना
श्वास धरून ठेवला.
पाण्यात भिजवून घासली,
सहाशे, हजार, दोन हजार,
मग दातांना लावते तेच पॉलिश, जुन्या साडीच्या चिंधीनं.
सुपरग्लू नाही. त्याची वाफ लागली
की काचेला मोतीबिंदू होतो.
साधा पांढरा गोंद, टाचणीच्या टोकावर,
जो सुकता सुकता स्वतःच दिसेनासा होतो.

चार संध्याकाळी गेल्या.
आता आतल्या चारही बंदुका दिसत होत्या
आणि सीटचा केसाएवढा पट्टा.

शनिवारी त्याला बोलावलं.
चष्मा कपाळावर सरकवून तो बघत बसला.
चहा गार झाला.
"सुंदर," म्हणाला, "फारच सुंदर,"
आणि खिशातून एक फोटो काढला,
जो पहिल्याच दिवशी दाखवायचा होता.
काय म्हणावं या माणसाला!

फोटोत बापानं समोरची काच कापून काढलेली.
बरीच पोरं काढायची तेव्हा.
रात्री काचेवरचा डाग
आणि दुरून येणारं विमान
सारखंच दिसतं.
पापण्यांवर बर्फ, तोंडावर उघडं आभाळ.
"थंडी परवडली म्हणायचा, डाग नको."

मी काही बोलले नाही. नवं पातं लावलं.
(तडा गेला असता तर
कवळीचं बिल दुप्पट पाठवलं असतं.)
एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा ओरखडा,
तांदळाच्या दाण्याएवढी चौकट,
वरची बाजू, डावी, खालची,
आणि चौथीला टक् करून ती उडाली.

थॅक्रेनं करंगळी त्या भोकापाशी नेली.
बोट थरथरत होतं. ते नेहमीच थरथरतं.
जाताना मफलर विसरला,
विमान मात्र अंड्यांच्या ट्रेसारखं
दोन्ही हातांवर धरून नेलं.

तो तुकडा सापडला नाही.
टॉर्च घेऊन गुडघ्यांवर गालिचा पाहिला,
सोमवारी व्हॅक्यूमची पिशवी
वर्तमानपत्रावर उलटी केली.
धूळ, तीळ, एक जुनी टिकली.

दिसणार कसा?
मीच घासला होता, दोन हजारांपर्यंत.