पाचवी

तिला आम्ही पाचवी म्हणतो.
शंभर बायका उंचीप्रमाणे उभ्या केल्या
तर बुटक्या टोकाकडून पाचवी,
म्हणून.
उंची एकशे बेचाळीस. केस नाहीत, नाव नाही,
कातडी भाताच्या पेजेच्या रंगाची,
सांधे मात्र सगळे जिथल्या तिथे.

पाचव्या रात्री सटवाई येते
आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते, आई सांगायची.
मी हिच्या गुडघ्यावर लिहिते: एकशे अठरा अंश.
घोट्यावर शहाण्णव. मग कोपर, मान, मनगट.
माउस दाबला की ती बसते.
साडी सावरत नाही,
इथे बसू का, विचारत नाही.

काल तिला भोपाळपर्यंत गाडी चालवायला लावली.
देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर,
म्हणजे मी एक कळ दाबली आणि चहा आणायला गेले.
परत आले तर कंबर हिरवी, खांदे हिरवे,
उजवी टाच तेवढी पिवळी.
मुळ्ये साहेब म्हणाले, झकास.
आता एक खरं माणूस बसवून बघा. नियम आहे.

खरं माणूस पीथमपुरात संध्याकाळी पाचला
कुठून आणायचं?
गेंदाबाई जिना पुसत होती.
भिंतीशी उभी करून मोजली: एकशे बेचाळीस.
मी हसले. का ते न कळता तीही हसली.

प्लायवुडची अर्धी गाडी, तिला दारं नाहीत.
जिथे दार असतं तिथे
तिने चपला काढल्या, जोडून ठेवल्या,
आणि चढली.
स्टिअरिंगला हात लावला, तापलेल्या तव्याला लावतात तसा,
आणि मग धरलं.

वीस मिनिटं.
मानेला दहापैकी किती?
दस, दीदी.
गुडघ्याला?
(गुडघा खांबाला टेकलेला मला इथून दिसत होता.)
दस.
पाठीला?
दस, दस. सब अच्छा है.
दुसऱ्याच्या गाडीला कमी मार्क कसे द्यायचे,
एवढी रीत तिला होती.

बैठकीवर अंथरलेल्या चटईला मात्र भीड नसते.
ती भार मोजते, रंगात दाखवते.
पुढच्या कडेला दोन तांबडे ठिपके,
जुन्या रुपयाएवढे.
मागे सगळं निळं.
आणि पाठीची चटई कोरी.
पूर्ण कोरी.
सकाळी सहाला राऊहून मॅजिकमध्ये लोंबकळत आलेली बाई,
दिवसभर पाठ टेकली नव्हती,
इथे टेकायलाच बसवली होती, तरी
परक्याच्या ओसरीवर बसावं तशी बसली.

मुळ्ये म्हणाले, हे बाद करा. बसायला चुकली ती.

सहा दहाची बस मी जाऊ दिली.
पाचवीला गेंदाबाईचे कोन दिले:
कंबर पुढे, पाठ सीटपासून चौदा सेंटिमीटर लांब,
टाचा उचललेल्या.
पडद्यावर लाल चौकट आली:
ही बैठक ग्राह्य नाही. सुधारू?
खाली दोन बटणं.
मी दोन्हीकडे बघत राहिले.
पाचवी कडेवर बसलेली,
हिरवी नाही, पिवळी नाही, नुसती राखाडी.

मागून बादली ठेवल्याचा आवाज आला.
गेंदाबाईने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं,
बराच वेळ पाहिलं.
दीदी, इसको बोलो ना,
आराम से बैठे.