तार धरणारा

मी उडायचो नाही. हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर ऐकणारा उगीच माझ्या खांद्यांकडे बघत बसतो.
माझ्याकडे मॅटॅडोर होती
आणि भोसरीच्या टूलरूममधले हात.
जुन्या बाजारातून आणलेले ॲल्युमिनियमचे पाइप
मीच घासले, भोकं मीच पाडली.
शीड शिवलं रविवार पेठेतल्या ताडपत्रीवाल्यानं.
त्यानं विचारलं, "तंबू किती जणांचा?"
"एकाचा," सुधन्वा म्हणाला, "आणि तोही आडवा."

कामशेतच्या पुढं डांबर संपतं, तिथून चढ.
गुंडाळलेला पंख खांद्यावर घेऊन आम्ही चौघं.
एकदा वाटेतल्या म्हातारबानं
टोपी काढून हात जोडले.
आम्ही तसेच गंभीर चेहऱ्यानं पुढं गेलो,
वळणावर मात्र पंख खाली ठेवून
पोट धरधरून हसलो.

माथ्यावर कुणी फार बोलायचं नाही.
गवत कुठं झुकतंय ते बघायचं.
मेहेरनोशची मान वर:
"ती घार बघ साली, पंख हलवायचं नाव नाही.
तिच्याखाली ऊन शिजतंय."

माझं काम, पुढची तार धरायची.
वारा भरला की ती हातात ओढ घ्यायची,
गाय दिसलेल्या वासरासारखी.
मग "सोड!"
सोडायचो.
तळव्यावर लाल रेघ राहायची,
सोमवारी कार्ड पंच करेपर्यंत.

मग मी एकटा खाली, गाडी घेऊन, त्यांना शोधत.
त्यांना वरून धरण दिसायचं, चार गड दिसायचे,
मला पुढचं वळण.
"मावशी, इकडं कुठं माणूस पडलाय का?"
"पडला नाही, उतरला. बांधावर उतरला,
ज्वारीत नाही. शहाणा आहे.
चहा पितोय आमच्यात, तुम्हीपण या."

त्या मार्चात वारा सरळ छातीवर होता.
वैजयंतीची पाळी. हेल्मेट, हातमोजे, सगळं झालेलं.
मधेच सुधन्वाला पाना सापडेना,
म्हणून ती कडी सोडून आली, शोधून दिला,
परत पंखाखाली शिरली.
"सोड," म्हणाली.

सोडली.
बाजूला झालो, आणि दिसलं:
कडी तिच्या गुडघ्यापाशी लोंबकळतेय, मोकळी.
ती धावतेय.

काय ओरडलो आठवत नाही. शब्द नसणारच तो.
बाजूची तार हाताला लागली, तिलाच लटकलो.
पंख गर्रकन फिरला, करवंदीच्या जाळीत घुसला.
पाइप वाकल्याचा आवाज मी ओळखतो.

तिनं आधी शिवी दिली. चांगली ठसठशीत.
मग हात मागं नेला, पाठ चाचपली,
आणि गवतात बसून राहिली.
चार पावलांवर डोंगर संपत होता.
खाली पाणी. काठाकाठानं एक एसटी चाललेली,
तिचा आवाज वर येत नव्हता.

टपरीवर तिनं तीन प्लेट भजी खाल्ली.
मेहेरनोशनं एक विनोद सांगितला, अर्धाच.
परतताना ती पुढं, माझ्या शेजारी.
देहूरोडपर्यंत ती कडी तिच्या हातात,
उघड, मीट. टक्. टक्.
मी गिअर बदलत राहिलो, गरज नसताना.

मेहेरनोश आता पर्थला. आभाळाचे फोटो पाठवतो,
खाली एक अक्षर लिहीत नाही.
सुधन्वाच्या गुडघ्यात स्टील आहे,
मी म्हटलं, ग्रेड कुठली ते विचारून घे.
वैजयंती मिरजेत, डोळ्यांची डॉक्टर.
वर्षातून एकदा फोन करते, मार्चमध्ये.
माझी शुगर विचारते.

तो पाइप मी सरळ केला होता.
पूर्ण नाही झाला.
चिंचवडच्या बाल्कनीत कपडे वाळतात त्याच्यावर.
पश्चिमेचं वारं सुटलं की चादर फुगते,
आणि आतून बायको ओरडते,
"चिमटे लावलेत ना?"

मी उठतो. दोनदा बघून येतो.