कण निजवताना

गोटी टाकलीस का, असं तो विचारतो. रोज.
टाकलेली असते. काचेची एक, हिरवी शीर असलेली,
स्प्रेगनच्या पेल्यात.
ती खुळखुळत राहिली की कण तरंगतात,
थांबली की तळाशी बसतात
आणि गाडीवर नुसतं वार्निश जातं.
नासारिओला आता उजव्या डोळ्यानं धूर दिसतो,
डाव्यानं धुराची कड.
तो स्टुलावर बसून गोटी ऐकतो.
"मंदावलीस, मिहा."
माझं मनगट दुखतंय, हे त्याला भिंतीकडे तोंड करूनही कळतं.

गाडी एकाहत्तरची ब्युइक रिव्हिएरा, शेपूट होडीसारखं.
मालकीण त्रिनिदाद आर्चुलेटा,
बेलेनच्या शाळेची बस एकतीस वर्षं चालवलेली.
रंगांचं पुस्तक समोर ठेवलं तर मिटून म्हणाली,
"पिवळा सोडून."
दारापर्यंत गेली, परत आली:
"पिवळ्याला घाम फुटेल असा."

म्हणून खाली चंदेरी, वर कण,
त्यावर पिकल्या प्लमचा पातळ रंग, सात हात.
सात हात, आणि मला दोनच.

चकाकतं ते सोनं नसतं. नसेना का.
हे प्लास्टिक आहे, षटकोनी कापलेलं,
ॲल्युमिनियमची वाफ दिलेलं,
बरणी कलती केली की ओल्या वाळूसारखं सरकणारं.
एकेक कण स्वतःपुरता आरसा.
उभा राहिला की ओरखडतो,
आडवा झाला तरच काही दाखवतो.
पहिल्या हातानंतर बॉनेट मांजराच्या जिभेसारखं.
दुसरा हात, अर्ध्यावर अर्धा चढवत.
तिसरा.
दमानं, मिहा, निजवायचेत ते.
कड आली तरी थांबायचं नाही,
गाडी संपली तरी वीतभर पुढची हवा रंगवायची.

जून. नदीकाठच्या कॉटनवूडांचा कापूस सुटलेला.
आम्ही जमीन भिजवली, जाळ्या भिजवल्या,
दाराच्या फटींना टेप लावली,
तरी शेवटच्या पारदर्शक हातावर
एक तंतू आला, तरंगत, काही घाई नसल्यासारखा,
डिकीच्या बरोब्बर मधोमध
टेकला.

"काय झालं?"
"काही नाही."
"मग गोटी का थांबली?"

चिमट्यानं उचलावा तर व्रण.
वाळल्यावर घासावा तर पाणी, बाराशेचा कागद, आणि नशीब;
जरा खोल गेलं की प्लम उडतो,
कणांची डोकी छाटली जातात,
खाली नागडी चांदी.
नासारिओ चाचपडत आला, वाकला,
मला त्याच्या मिशांचीच धास्ती.
"केवढा?"
"पापणीच्या केसाएवढा."
"राहू दे. तिला सांगू नकोस."
स्टुलापाशी जाऊन, पाठमोराच:
"नको, सांग. एकतीस वर्षं पोरांनी तिच्या सीटांवर
नावं कोरलीत. तिला चालेल."

कण अजून सापडतात. टॉर्टियात. कानात.
दवाखान्यात शीर शोधताना
नर्सनं दिवा तिरका धरला
तर त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत
सगळीकडे खोट्याच शिरा लखलखल्या,
आणि ती बाई सुई हातात धरून
हसत राहिली.

रविवारी त्रिनिदाद आम्हा दोघांना घेऊन निघाली,
ताशी बारा मैल, मुद्दाम.
तंतूवर बोट ठेवून झालं होतं तिचं, दोनदा.
रेल्वे फाटक उघडं, दिवे बंद,
दोन्हीकडे नजर पोचेल तिथवर मोकळे रूळ.
तरी ती थांबली.
काच खाली केली. दार उघडलं. कान दिला.
शाळेच्या बसचा नियम, हाडात मुरलेला.
मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा,
मग ढगाखालून ऊन निसटून डिकीवर आलं
आणि दोन्ही गप्प झाले.

"कशी दिसतेय?" नासारिओनं विचारलं.
मी सांगायला तोंड उघडलं
तर त्यानं बोट वर केलं.
रुळांतून काहीतरी खुळखुळत होतं,
लांब,
अजून बरंच लांब.