डझनात एक कमी

गामार्राच्या चौथ्या मजल्यावर खिडकी नव्हती.
म्हणजे होती, पण तिच्यावर मालकाने
कापडाचे तागे रचले होते, पार छतापर्यंत.
सात यंत्रं, सात ट्यूबलाइटी, एक रेडिओ.
हवा तीच ती,
सकाळी फ्लोरमिराने सोडलेली
संध्याकाळी एदेरने घ्यायची.

एदेर चोकेवांका, वय बावीस.
ओव्हरलॉकवर हात असा
की रीळ बदलतानाही पाय पेडलवरून हलायचा नाही.
नगावर पैसे. दोनशे नग झाले की जेवण.
खोकला त्याने अंगावर काढला
मार्चपासून जुलैपर्यंत.
(अंगावर काढणं म्हणजे न काढणंच;
आपली भाषा कधीकधी अशी
उलट बाजूने शिवलेली असते.)

जुलैत लिमावर ओल्या सिमेंटचं आभाळ असतं
आणि खाली झेंडे.
लाल, पांढरा, लाल. घराघरावर लावायचे.
रात्रपाळी चालू. रेडिओवर कुणी मंत्री सांगत होता
देश किती टक्क्यांनी पुढे गेला;
आकडा यंत्रांच्या घरघरीत बुडाला.
तेव्हाच एदेर वाकला
आणि मधल्या पांढऱ्या पट्टीवर
लालचा हिशेब चुकला.

त्याने तो झेंडा चिंध्यांच्या पोत्यात खोल दाबला.
मालकाने अकरा मोजले,
पुन्हा मोजले, त्याच्याकडे पाहिलं.
पैसे कापले. विचारलं काही नाही.

घर टेकडीवर. बस संपते तिथून
एकशे साठ पिवळ्या पायऱ्या.
पायऱ्या सरकारने बांधलेल्या,
दम ज्याचा त्याने आणायचा.

ओर्फेलिंदा दवाखान्यात सकाळी सातला
पाण्याचा पेला पुढे करते.
गिळ. तोंड उघड. जीभ वर.
पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झाली
तेव्हा तो धावत परत आला, आता संपलंच म्हणून.
अरे, औषधाचा रंग तो, सांगायची राहिलेच बघ,
म्हणाली, आणि चौकटीत फुली मारली.

पंचांगात एखादी तिथी क्षय पावते.
कुठलाच सूर्योदय तिच्या वाट्याला येत नाही,
आणि आपण पुढची तारीख बिनबोभाट लिहितो.
इथे सबंध सहा महिने.

ओर्फेलिंदाकडे अशी एकोणतीस कार्डं.
त्यातला सगळ्यात म्हातारा एकतीस वर्षांचा.
पहाटे पाव भाजणारा पोरगा,
मोटोटॅक्सीवाले दोघे भाऊ,
नर्सिंगची एक मुलगी, परीक्षा बुडालेली.
न शिवलेले शर्ट, न झालेल्या फेऱ्या,
न टोचलेली इंजेक्शनं
हे कुठल्या रकान्यात भरायचं
तिला कुणी शिकवलं नाही.
ती कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते.
वर पाठवायच्या तक्त्यात मागची बाजू नसते.

एदेरच्या खुर्चीवर त्याची बहीण बसली.
निलदा, अकाउंटिंगचं दुसरं वर्ष.
तिची थुंकी तपासली, फोटो काढला. काही नाही.
पहिल्याच दिवशी, कुणाला न विचारता
तिने खिडकीवरचे तागे उतरवायला घेतले.
मालक ओरडला, उन्हाने रंग उडेल.
उडू दे, म्हणाली,
आणि लिमात ऊन आहे कुठे?
फ्लोरमिरा हसली, मग उठून हात लावू लागली.

एदेर फेब्रुवारीत परत आला.
शाळांच्या शर्टांचा हंगाम.
जेवणापर्यंत एकशे तीस नग, कधी एकशे चाळीस.
पांढरा तंतू उडतो,
खिडकीपर्यंत जातो,
थोडा वेळ गजाला अडकतो, मग बाहेर.

निलदा शेजारच्या यंत्रावर आहे.
तिचे अकरा वाजेपर्यंत शंभर होतात.
संध्याकाळी सगळ्यांच्या पगाराची बेरीज
ती तोंडी करते, एका पैशाची चूक नाही.
फी भरायची शेवटची तारीख
ऑगस्टात होती.